पोलादावरची रेघ

घरात एखादा जुना पितळी डबा किंवा स्टीलचा तांब्या असेल तर तो जरा उजेडात धरून पाहा. काठाशी बारीक ठिपक्यांनी कोरलेले एखादे नाव सापडेल. आजीचे, आजोबांचे, क्वचित कुणाच्या लग्नाची तारीखही. माझ्या लहानपणी भांड्यांच्या दुकानांवर “भांड्यांवर नावे घालून मिळतील” अशी पाटी असे. आईबरोबर अशा दुकानात गेलो की मी तिथेच रेंगाळत असे. कारागीर तांब्या गुडघ्याशी दाबून धरी, बोटभर लांबीची पोलादी कोरणी त्यावर टेकवी आणि लहानशा हातोडीने टकटक करीत बघता बघता नाव घालून मोकळा होई. शेजारी त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा एका फुटक्या ताटलीवर नुसत्या रेघा ओढीत बसलेला असे. तो नाव कधी घालणार, असे मी एकदा विचारले. “आधी रेघ सरळ येऊ दे,” कारागीर मान वर न करता म्हणाला.

या दृश्यात दोन प्रश्न आहेत. कोरणी तांब्याला कापते, तांब्या कोरणीला का कापत नाही? आणि एक सरळ रेघ यायला त्या मुलाला वर्षे का लागावीत? पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. दुसरा तसा वाटत नाही, पण हे दोन्ही प्रश्न एका चिमुकल्या कागदाच्या तुकड्यावर एकत्र आले होते. तो तुकडा म्हणजे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट, ब्रिटनमध्ये ६ मे १८४० पासून चालू झालेले एक पेनीचे काळे तिकीट, पेनी ब्लॅक. त्यावर तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे. या मुखवट्यामागे कोरीवकाम करणारी दोन घराणी उभी आहेत. एक हीथ यांचे आणि दुसरे वायन यांचे.

आधी कोरणीकडे वळू. छापण्यासाठी धातूच्या प्लेटवर चित्र कोरणाऱ्याची कोरणी म्हणजे चौकोनी छेदाची पोलादी सळई. तिचे टोक तिरपे घासून धारदार केलेले असते आणि मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ असते. कारागीर ती हातोडीने ठोकत नाही, तळहाताने पुढे रेटतो. वळणदार रेघ हवी असेल तर कोरणी वळवीत नाही. वाळू भरलेल्या चामडी उशीवर प्लेट ठेवलेली असते, ती प्लेटच दुसऱ्या हाताने फिरवतो. टोकापुढून धातूची केसासारखी शेव निघते आणि मागे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची चर राहते.

हाताच्या जोराने धातू कसा कापला जातो? हिशेब करून पाहू. समजा, कारागीर एक किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे सुमारे १० न्यूटन जोर लावतो. टोकाचा धातूला टेकणारा भाग ०.१ मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला तर त्याचे क्षेत्रफळ १ चौरस मीटरच्या दहा कोटीव्या भागाइतके येते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उत्तर येते एक अब्ज पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट! नरम तांबे याच्या निम्म्या दाबालाही हार मानते. नरम पोलाद याच दाबाच्या आसपास किंवा थोडे वर दबू लागते. पण पाणी दिलेले कडक पोलाद त्याच्या सात-आठ पट दाब सहन करते. म्हणून कोरणी टिकते आणि प्लेट कापली जाते.

आता छपाई. कोरलेल्या प्लेटवर शाई फासतात, मग पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतात. शाई फक्त चरांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून जबर दाब दिला की कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून बाहेर येतो. चर जितकी खोल तितकी शाई अधिक, आणि रेघ तितकी काळी. म्हणजे इथे चित्राची छाया खोलीने ठरते. वाळलेली शाई कागदावर किंचित उंच राहते. शंभर रुपयांची किंवा त्याहून मोठी कोरी नोट घेऊन गांधीजींच्या चित्रावरून बोटाचे टोक हलकेच फिरवा. जो खरबरीतपणा लागतो तो याच पद्धतीचा.

पद्धत उत्तम, पण तिच्यात एक खोट होती. दर प्रतीला प्लेट पुसावी लागते, आणि पुसणे म्हणजे घासणेच. तांब्याच्या प्लेटवरून काही हजार चांगल्या प्रती निघाल्या की रेघा फिक्या पडू लागत. मग कारागिराने तेच चित्र दुसऱ्या प्लेटवर पुन्हा कोरायचे. हात कितीही तयार असला तरी दोन चित्रे तंतोतंत सारखी होत नाहीत. पुस्तकातल्या चित्रापुरते हे चालून जाई. चलनी नोटेला ते परवडणारे नव्हते. खऱ्या नोटाच एकमेकींसारख्या नसतील तर खोटी ओळखायची कशी? इंग्लंडमध्ये १७९७ नंतर एक आणि दोन पौंडांच्या साध्या छपाईच्या नोटा निघाल्या, आणि त्यांची नक्कल करण्याच्या व नकली नोटा खपवण्याच्या गुन्ह्यांखाली पुढच्या वीसेक वर्षांत शेकडो माणसांना फाशी झाली. त्यांत गरीब आणि निरक्षर लोक पुष्कळ होते. छपाईच्या तंत्रातल्या या उणिवेची किंमत अशी माणसांच्या जिवाने मोजली जात होती.

या पेचावरचा उपाय घेऊन १८१९ साली जेकब पर्किन्स हा अमेरिकन कारागीर लंडनला आला. (याच पर्किन्सने पुढे १८३४ मध्ये वायूच्या संपीडनावर चालणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट घेतले. घरच्या फ्रीजचे मूळ तिथे आहे. पण तो विषय वेगळा.) बँक ऑफ इंग्लंडने त्याची पद्धत स्वीकारली नाही, पण लंडनमध्ये त्याला भागीदार मिळाला चार्ल्स हीथ. हा जेम्स हीथ या नावाजलेल्या कारागिराचा मुलगा. बापाच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पहिले चित्र कोरले तेव्हा तो सहा वर्षांचा होता असे सांगतात. आपल्या नावे घालणाऱ्याच्या मुलाची इथे आठवण व्हावी.

पर्किन्सची कल्पना अशी होती. चित्र एकदाच कोरायचे, तेही नरम पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर. मग तो ठोकळा कडक करायचा. हा झाला मूळ ठसा. आता नरम पोलादाचा एक रूळ घेऊन तो या ठशावर प्रचंड दाबाने पुढेमागे फिरवायचा. नरम पोलाद कडक ठशाच्या चरांत शिरते आणि रुळावर तेच चित्र उठावाने उमटते. मग हा रूळ कडक करायचा आणि नरम पोलादाच्या मोठ्या प्लेटवर फिरवायचा. आता रूळ कडक, प्लेट नरम. प्लेटवर पुन्हा चर उमटते, मूळ ठशावर होती तशीच. रूळ जितक्या वेळा टेकवाल तितकी चित्रे. शेवटी प्लेटही कडक केली की छपाई सुरू.

इथे थोडे थांबा आणि आरशाचा विचार करा. कागदावर चित्र सुलटे हवे, म्हणून प्लेटवर उलटे. मग रुळावर सुलटे आणि मूळ ठशावर पुन्हा उलटे. म्हणजे कारागिराला सगळे चित्र आणि अक्षरे उलटी कोरावी लागत. वहीत आपले नाव आरशातल्यासारखे लिहून बघा, म्हणजे त्याच्या कामाची थोडी कल्पना येईल.

रूळच का? सपाट ठसा सपाट प्लेटवर का दाबायचा नाही? उत्तर पुन्हा क्षेत्रफळात आहे. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर जोर सगळ्या क्षेत्रावर वाटला जातो. रूळ मात्र कोणत्याही क्षणी एका अरुंद पट्टीवरच टेकलेला असतो. लिव्हरने वाढवलेला सगळा जोर त्या पट्टीवर एकवटतो, आणि पट्टी हळूहळू पुढे सरकत सगळे चित्र उतरवते. पोळी लाटताना लाटणे हेच करते.

पण हे सगळे ज्या एका गुणावर उभे आहे तो म्हणजे एकाच पोलादाला हवे तेव्हा नरम आणि हवे तेव्हा कडक करता येणे. तांब्याला हे असे जमत नाही. पोलादाला का जमते?

पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन. लोखंडाचे अणू स्फटिकात रांगेने मांडलेले असतात. साध्या तापमानाला ही मांडणी अशी, की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि एक अगदी मध्यभागी. या मांडणीतल्या फटी लहान असतात. तिच्यात कार्बन जेमतेम ०.०२ टक्के मावतो, तोही तापलेल्या अवस्थेत. बाकीचा कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळे कण करून राहतो. आता पोलाद तापवून लाल केले की सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर मांडणी बदलू लागते. अणू कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहा बाजूंच्या मध्यावर येतात. या नव्या मांडणीतल्या फटी मोठ्या. तिच्यात कार्बन दोन टक्क्यांपर्यंत विरघळतो.

हेच पोलाद राखेत ठेवून सावकाश निववले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, मांडणी पूर्ववत होते आणि पोलाद नरम राहते. पण लाल असतानाच ते गार पाण्यात बुडवले तर? अणूंना जुन्या मांडणीकडे परतायची घाई, आणि कार्बन तर अजून आतच! गच्च भरलेल्या एस.टी.चे दार लावून घेतल्यासारखी स्थिती होते. कार्बन अडकून बसतो, स्फटिक ताणला जातो, अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. धातू वाकतो तो थर घसरतात म्हणून. ते घसरेनासे झाले की तो कडक होतो, आणि ठिसूळही. आपला लोहार कोयत्याला “पाणी देतो” ते हेच. त्याला स्फटिकाची मांडणी ठाऊक नसते, पण कोयता कोणता लाल रंग आल्यावर बुडवायचा ते त्याने वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेले असते.

हे तुम्हाला करून पाहता येईल. शिक्षकांसमोरच करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि सुई चिमट्यातच धरा. शिवणकामाच्या तीन जाड सुया घ्या. पहिली तशीच वाकवून पाहा. ती थोडी वाकते, स्प्रिंगसारखी परतते आणि फार ताणली तर मोडते. दुसरी ज्योतीत लालभडक करा आणि ज्योतीतून हळूहळू बाहेर काढून निवू द्या. आता ती तारेसारखी वाकेल. तिसरी लाल करून त्याच क्षणी पाण्यात बुडवा. वाकवू लागलात की ती काचेसारखी तुटेल. पाण्याचे भांडे ज्योतीच्या अगदी जवळ हवे. सुई बारीक असल्याने अर्ध्या सेकंदात निवते आणि प्रयोग फसतो. दर वर्षी आमच्या प्रयोगशाळेत निम्म्या मुलांचा फसतो.

पर्किन्सने आणखी एक युक्ती केली होती. कोरण्याआधी पोलाद लोखंडाच्या किसात पुरून बराच वेळ तापवायचे. तापलेल्या पोलादातला कार्बन पृष्ठभागातून बाहेर झिरपतो आणि वरचा थर अगदी नरम होतो. कोरून झाल्यावर तोच ठोकळा चामड्याच्या किंवा हाडांच्या कोळशात पुरून तापवायचा. आता कार्बन उलट आत शिरतो, काही तासांत मिलिमीटरभर. मग पाणी द्यायचे. पाण्यात अत्तराचा थेंब पसरतो तसेच हे विसरण, फक्त घनपदार्थातले आणि फार संथ.

अशा तऱ्हेने रेघ एका पोलादातून दुसऱ्या पोलादात जशीच्या तशी जाऊ लागली. तिथे हाताचा संबंध उरला नाही. पण पहिली रेघ? ती हातानेच यायची होती, आणि ती चुकली तर चूकही तितक्याच इमानदारीने लाखो वेळा छापली जाणार होती. म्हणून नक्कल सोपी झाली तेव्हा उत्तम कारागिराची किंमत कमी न होता वाढली. टपाल खात्याला तिकीट हवे झाले तेव्हा छपाईचे काम पर्किन्स, बेकन आणि पेच या कंपनीकडे आले, आणि ठसा कोरायला त्यांनी बोलावले चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांना. जेम्सपासून मोजले तर ही तिसरी पिढी. पहिला ठसा फिका वाटला म्हणून बाजूला ठेवला गेला, दुसरा पसंत पडला. तो दोघा बापलेकांच्या नावावर लावला जातो, कारण बापाची रेघ कुठे संपते आणि मुलाची कुठे सुरू होते हे त्यात निवडता येत नाही. मुखवट्यामागची जाळीदार नक्षी मात्र यंत्राने काढलेली आहे. विषय मुखवट्याचाच का? ओळखीच्या चेहऱ्यात केसभर फरक पडला तरी आपला डोळा लगेच अडखळतो. फुलांच्या नक्षीत तो फरक आपल्या ध्यानातही येणार नाही. नकली तिकीट पकडायला प्रत्येकाजवळ डोळ्यांचे हे यंत्र फुकट होते.

हीथ बापलेकांपुढे राणी बसलेली नव्हती. त्यांच्यापुढे एक चित्र होते, आणि ते चित्र काढले होते एका पदकावरून. ते पदक विल्यम वायनचे. १८३७ साली राणीने लंडन शहराला दिलेल्या भेटीच्या स्मरणार्थ ते केले होते, आणि त्यातला चेहरा त्याने ती पंधरा वर्षांची राजकन्या असताना टिपलेला होता.

वायन घराण्याची कथा आणखी लांब आहे. अठराव्या शतकात कोलोन शहरातून पीटर जॉर्ज वायन हा चांदीवर नक्षी काढणारा कारागीर इंग्लंडमध्ये आला. त्याच्या मुलाने हाच धंदा उचलला. नातवांतले थॉमस आणि पीटर हे जुळे भाऊ नाण्यांचे आणि शिक्क्यांचे ठसे कोरू लागले. थॉमसचा मुलगाही थॉमसच. तो तेविसाव्या वर्षी लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य कोरीव कारागीर झाला आणि १८१७ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने वारला. विल्यम हा पीटरचा मुलगा. १८०९ साली, चौदाव्या वर्षी, तो रीतसर बापाचा शिकाऊ उमेदवार झाला आणि १८२८ मध्ये टांकसाळीचा मुख्य कारागीर. त्याचा मुलगा लेनर्ड चार्ल्स टांकसाळीच्याच आवारातल्या घरात १८२६ साली जन्मला. १८५१ मध्ये विल्यम वारल्यावर काम त्याच्याकडे आले. घराण्याची दुसरी शाखा राजमुद्रा कोरीत राहिली. सहाव्या पिढीतही शिल्पे आणि पदके करणारा एक वायन होता.

सगळी नावे पाठ करू नका, परीक्षेला येणार नाहीत. पण वयांकडे लक्ष द्या. सहा, चौदा, तेवीस. कडक पोलाद करायची कृती पर्किन्सने कागदावर लिहून पेटंट घेतले. किती जोराने रेटल्यावर चर किती खोल जाते आणि गालाची गोलाई दिसायला रेघ कुठे पातळ व्हावी, हे कागदावर लिहिता येत नव्हते. धातूचा विरोध हाताच्या स्नायूंना जाणवायचा आणि त्याप्रमाणे जोर कमीजास्त करायचा, हे मापन आणि नियंत्रण एकाच क्षणी होते. त्याची सवय लवकर लागावी लागते आणि चुकेल तिथे कुणीतरी शेजारी असावे लागते. घर हीच त्या काळी याची शाळा होती. त्यात अन्यायही होता. वायन किंवा हीथ आडनावाच्या मुलाला जी कोरणी सहाव्या वर्षी मिळे ती एखाद्या मजुराच्या मुलाला कधीच मिळत नसे, आणि मुलींना तर फारच क्वचित.

आता हे सगळे छापखान्यात आणू. एका प्लेटवर रूळ २४० वेळा टेकवला गेला. वीस ओळी, दर ओळीत बारा तिकिटे. त्या काळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि २४० पेन्सचा एक पौंड होई, म्हणून एक ओळ एक शिलिंगाची आणि पूर्ण ताव एक पौंडाचा. तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांतली अक्षरे तेवढी प्लेटवर हाताने ठोकलेली असत. पहिल्या तिकिटावर ए-ए, शेवटच्यावर टी-एल. पेनी ब्लॅकची सुमारे ६ कोटी ८८ लाख तिकिटे छापली गेली आणि त्यासाठी अकरा प्लेटी लागल्या. भागाकार करा. दर प्लेटीला सरासरी सव्वीस हजार ताव येतात. तांब्याच्या प्लेटीला हे झेपले नसते. नरम पोलादालाही झेपले नाही. घाईमुळे पहिली प्लेट कडक न करताच यंत्रावर चढवली, ती लवकर झिजली, मग दुरुस्त करून कडक करावी लागली. कार्बनने आपले म्हणणे असे सिद्ध केले.

मूळ ठसाही अमर नव्हता. त्यावरून पुन्हा पुन्हा रूळ उतरवून रेघा बोथट झाल्या. १८५५ मध्ये विल्यम हंफ्रीज या कारागिराने त्याच्या एका प्रतीवर रेघा पुन्हा खोल केल्या. म्हणजे पंधरा वर्षांनी का होईना, पोलादाला परत माणसाचा हात लागलाच. राणी मात्र तिकिटांवर म्हातारी झाली नाही. १९०१ साली ती एक्याऐंशी वर्षांची होऊन वारली तोपर्यंत ब्रिटनच्या तिकिटांवर वायनने टिपलेली तीच मुलगी होती.

वायनचे काम पाहायला लंडनला जायला नको. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० सालापासून व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे चांदीचे रुपये काढले. ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले जात, आणि पुढे १८६२ पर्यंत नवे रुपये पाडले तरी त्यांवर साल १८४० हेच राही. हे रुपये जुन्या घरांतून आणि सराफांकडे अजून सापडतात. एखादा मिळाला तर भिंग घ्या आणि राणीची मान जिथे कापल्यासारखी संपते ती कड नीट न्याहाळा. पुष्कळ नाण्यांवर तिथे दोन अगदी बारीक रोमन अक्षरे दिसतात, डब्ल्यू आणि डब्ल्यू. ती विल्यम वायनची सही आहे.